प्रेशर ब्लीडरने ब्रेक फ्लुइड बदलणे : तत्त्व, रीत आणि दक्षता

मोटारीच्या ब्रेक यंत्रणेतील जुना द्रव बाहेर ढकलून त्याच्या जागी नवा द्रव भरण्यासाठी जे दाबावर चालणारे उपकरण वापरतात, त्यास प्रेशर ब्लीडर म्हणतात. शेतात किंवा बागेत औषध फवारण्याच्या हातपंपाशी त्याचे बरेच साम्य आहे. एक प्लॅस्टिकची टाकी, तिच्यात हवा भरणारा हातपंप, दाब दाखवणारे घड्याळ, एक लांब नळी आणि नळीच्या टोकाशी मोटारीच्या मास्टर सिलिंडरवरील कुपीला घट्ट बसणारे झाकण, एवढेच त्याचे भाग. या उपकरणामुळे पूर्वी दोन माणसांना करावे लागणारे काम एकट्याला करता येते. परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत मोटारीची किरकोळ देखभाल घरच्या गॅरेजमध्येच होते. तेथे हे उपकरण आता अपरिचित राहिलेले नाही. मात्र ते वापरण्यापूर्वी द्रव का बदलावा लागतो आणि चूक नेमकी कोठे होऊ शकते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण या कामातील चूक गॅरेजमध्ये दिसत नाही, ती उतारावर दिसते.

द्रवाचे कार्य

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडले. मोटारीच्या ब्रेकसाठी त्याचा उपयोग होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. माल्कम लॉघेड यांना १९१७ मध्ये द्रवचालित ब्रेकचे पेटंट मिळाले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसवले गेले. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतील द्रवाचा दाब वाढतो आणि प्रत्येक चाकाजवळील कॅलिपरचा दट्ट्या ब्रेक पॅडला फिरत्या डिस्कवर दाबतो. जोराने ब्रेक लावल्यास नळ्यांतील दाब ७० ते १०० बारपर्यंत सहज जातो.

ही सारी साखळी एकाच गृहीतावर उभी आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणजे त्याचे आकारमान घटत नाही, हे ते गृहीत होय. वायू मात्र दाबला जातो. म्हणून नळ्यांत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा असेल, तर चालकाच्या पायाचे बळ प्रथम तो बुडबुडा दाबण्यात खर्च होते. पेडल स्पंजासारखे मऊ लागते. बुडबुडा मोठा असेल तर ते तळाला टेकते आणि मोटार थांबत नाही.

बोलीभाषेत या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑईल’ म्हटले जाते. आरंभीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरले जात असे, तेव्हा त्या नावाला काही आधार होता. आजचा बहुतेक ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांचा असतो आणि तो तेल नसतो. हा भेद केवळ शब्दाचा नाही. इंजिन ऑईल किंवा अन्य खनिज तेलाचे थोडे थेंब कुपीत पडले, तरी यंत्रणेतील रबरी वॉशर फुगतात आणि निकामी होतात. मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत बरेच भाग बदलण्याची वेळ येते. म्हणून या कामासाठी वापरायची गळणी, नरसाळे व टाकी तेलाचा स्पर्श न झालेली असावी.

पाणी कोठून येते

ग्लायकॉलवर आधारित द्रव आर्द्रताशोषक असतो. तो हवेतील बाष्प ओढून घेतो. यंत्रणा बंद असली, तरी चाकांजवळच्या लवचीक रबरी नळ्यांतून आणि कुपीच्या झाकणातील श्वसनछिद्रातून बाष्प हळूहळू आत शिरते. हा गुणधर्म वरवर दोष वाटतो. परंतु त्यात एक लाभही आहे. द्रवाने पाणी सामावून घेतले नसते, तर ते थेंबाथेंबाने कॅलिपरसारख्या सखल जागी साठले असते, तेथे धातू गंजवला असता, थंडीत गोठले असते आणि १०० अंश सेल्सिअसला उकळले असते. द्रवात विरघळलेले पाणी यंत्रणाभर पसरते आणि त्याचा परिणाम सावकाश होतो.

सावकाश होणारा हा परिणाम म्हणजे उत्कलनबिंदू खाली येणे. अमेरिकेतील ‘डॉट’ या मानकांत प्रत्येक प्रकारासाठी दोन किमान उत्कलनबिंदू दिलेले आहेत. एक ताज्या द्रवाचा, त्याला कोरडा उत्कलनबिंदू म्हणतात; दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या द्रवाचा, तो ओला उत्कलनबिंदू. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस आहेत, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे १०० भागांत ४ भागही पाणी नसताना डॉट ४ ची सहनशक्ती ७५ अंशांनी घटू शकते.

सर्वांत कठीण गोष्ट अशी की ही घट रोजच्या वापरात जाणवत नाही. शहरातील सिग्नलवर थांबताना द्रव तेवढा तापतच नाही. पेडल घट्ट लागते, मोटार नीट थांबते आणि चालकाचा विश्वास कायम राहतो. द्रवाच्या रंगावरूनही निश्चित काही कळत नाही. काळवंडलेला द्रव बहुधा जुना असतो, पण स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात पाणी नाही असे म्हणता येत नाही. ब्रिटनमधील वार्षिक एमओटी तपासणीत २० मे २०१८ पासून ब्रेक फ्लुइड दूषित झाला आहे काय, याचाही विचार होतो. तथापि डोळ्यांना दिसणारी अशुद्धता आणि विरघळलेले पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून द्रव बदलण्याचा निर्णय पेडलच्या स्पर्शावर न सोडता काळाच्या मापावर घ्यावा लागतो. अनेक युरोपीय कंपन्या दोन वर्षांची मुदत सांगतात, होंडाची प्रचलित मुदत तीन वर्षांची आहे. मोटारीच्या पुस्तिकेतील मुदत प्रमाण मानावी आणि मोटार कमी चालली म्हणून ती लांबवू नये. बाष्प उभ्या मोटारीतही शिरते.

उताराचा हिशेब

द्रव किती तापू शकतो, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. १,५०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ५ लाख ७९ हजार ज्यूल असते. ब्रेक लावून ती पूर्ण थांबवली की यातील बहुतांश ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. हीच मोटार १,००० मीटर उंचीचा घाट उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे १ कोटी ४७ लाख ज्यूल भरते. म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून मोटार लागोपाठ २५ वेळा थांबवण्याएवढी. हवेचा रोध आणि इंजिनचा अटकाव यांतील काही भाग उचलतात. उरलेला सर्व भार डिस्क आणि पॅड यांच्यावर पडतो. तेथून उष्णता कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून द्रवात उतरते.

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर मोटारीने जाता येते. परतीच्या वाटेवर ग्लेन कोव्ह येथे कर्मचारी प्रत्येक मोटारीच्या ब्रेकचे तापमान तपासतात आणि ब्रेक अतितप्त असतील तर चालकाला थांबवून ठेवतात. संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐनजवळच्या जेबेल हफीतचा सुमारे १२ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आखाती वाचकांच्या परिचयाचा आहे. तेथे उताराच्या जोडीला वातावरणाची उष्णताही असते. खंडाळ्याचा किंवा कोयनेचा कुंभार्ली घाट पाहत वाढलेल्या माणसाला खालच्या गिअरमध्ये घाट उतरण्याचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत मात्र तो धडा सहज विसरला जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. अशा वेळी द्रव पाच वर्षांचा जुना असेल, तर उतार संपण्यापूर्वीच त्याची वाफ होऊ शकते. तळाशी पोचून मोटार उभी केल्यावरही धोका काही काळ टिकतो. वारा लागणे थांबल्यामुळे डिस्कमधील उष्णता कॅलिपरकडे वाहत राहते.

जुन्या रीती

द्रव बदलण्याची परंपरागत रीत दोन माणसांची आहे. एकजण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळ बसून ब्लीड निपल उघडतो व बंद करतो. भारतातील गॅरेजमध्ये यालाच ‘ब्रेकची एअर काढणे’ म्हणतात. ही रीत आजही उपयुक्त आहे. पण तीत दोन उणिवा आहेत. दोघांतील ताळमेळ चुकला आणि निपल उघडे असताना पेडल वर आले, तर हवा आत ओढली जाते. शिवाय पेडल तळापर्यंत दाबताना मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर एरवी न पोचणाऱ्या भागात जातात. जुन्या मोटारीत तेथे गंज किंवा मळ साठलेला असतो आणि वॉशरला चिरा पडतात. सकाळपर्यंत ठीक असलेला मास्टर सिलिंडर ब्रेकच्या देखभालीनंतर गळू लागतो, याचे हे एक कारण असते.

निपलला नळी जोडून द्रव शोषून घेणारी निर्वात पंपाची रीत एकट्याला करता येते. मात्र निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा शोषली जाते आणि नळीत बुडबुडे दिसतच राहतात. ते यंत्रणेतील आहेत की बाहेरचे, हे ठरवता येत नाही. गुरुत्वाने द्रव ठिबकू देण्याची रीत निरुपद्रवी आहे, पण अत्यंत मंद.

प्रेशर ब्लीडर या उणिवा बऱ्याच अंशी दूर करतो. दाब वरच्या बाजूने, कुपीतून येत असल्याने निपल उघडताच द्रव बाहेरच वाहतो. हवा आत शिरण्यास वाव राहत नाही. पेडलला हात किंवा पाय लावावा लागत नाही. टाकीतून कुपीत नवा द्रव आपोआप येत राहतो, त्यामुळे कुपी कोरडी पडण्याचा धोका कमी होतो.

दाब किती असावा

घरगुती वापरासाठी १० ते १५ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ ते १ बार, एवढा दाब पुरतो. २० पीएसआयच्या पुढे जाण्याचे कारण नाही. नळ्या आणि कॅलिपर याच्या कितीतरी पट दाब सोसतात, म्हणून हे बंधन अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रेशर ब्लीडरचा दाब कुपीवरही पडतो, आणि ती प्लॅस्टिकची कुपी केवळ रबरी कड्यांच्या आधारे मास्टर सिलिंडरवर बसवलेली असते. एरवी तिच्यावर जवळजवळ दाब नसतोच. अवाजवी दाब दिल्यास जुनी कुपी तडकते किंवा कड्यांतून निसटते आणि इंजिनच्या कप्प्यात द्रवाची चिळकांडी उडते. हा द्रव रंग उखडतो. मोटारीच्या पत्र्यावर पडल्यास तो चोळून न पुसता ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा.

झाकण जोडणारा भाग मोटारीनुसार बदलतो. बऱ्याच युरोपीय मोटारींच्या कुपीला आट्यांचे गोल झाकण असते आणि त्यावर हा भाग चपखल बसतो. काही जपानी व अमेरिकी मोटारींत झाकणाचा आकार वेगळा असल्याने साखळीने किंवा आकड्यांनी आवळायची सपाट पट्टी वापरावी लागते. ती गळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून उपकरण विकत घेताना आपल्या मोटारीसाठी योग्य झाकण मिळते का, हे आधी पाहावे.

पूर्वतयारी

मोटारीच्या पुस्तिकेत किंवा कुपीच्या झाकणावर सांगितलेल्या प्रकाराचाच द्रव आणावा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल वर्गातील असून परस्परांत मिसळू शकतात. डॉट ५ हा मात्र सिलिकोनचा, जांभळ्या रंगाचा असतो. नावातील साधर्म्यामुळे डॉट ५.१ च्या जागी तो चुकून भरला जाऊ नये. काही आधुनिक मोटारींना कमी स्निग्धतेचा डॉट ४ लागतो, कारण थंडीत दाट होणारा द्रव स्थिरता राखणाऱ्या विद्युत यंत्रणेच्या बारीक झडपांतून वेगाने वाहत नाही. कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेच्या कडाक्याच्या हिवाळ्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. लहान मोटारीसाठी साधारण १ लिटर द्रव पुरतो. डबा सीलबंद असावा; वर्षापूर्वी उघडलेला अर्धा डबा या कामी वापरू नये.

याखेरीज निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, जुना द्रव गोळा करण्यासाठी बाटली, मोठी सिरिंज, जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायचे अडसर, रसायनरोधक हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा एवढे साहित्य लागते. मोटार सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी आणि केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही हात घालू नये.

जेथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, अशा प्रदेशांत निपल गंजून अडकलेले असतात. आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल बाहेरून लावावे, दुसऱ्या दिवशी सहा बाजूंचा पाना वापरून प्रथम अलगद सैल होते का, ते पाहावे. निपल आतच तुटले तर कॅलिपर बदलण्यापर्यंत पाळी येते. ते हलत नसेल तर बळ न वाढवता काम जाणकाराकडे सोपवणे शहाणपणाचे.

चाकांचा क्रम

सर्वसाधारण नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा आणि जवळच्या चाकाशी शेवट करावा. मास्टर सिलिंडर बहुधा चालकाच्या बाजूस असतो. अमेरिका, कॅनडा आणि आखाती देशांत चालक डावीकडे बसतो, तेव्हा क्रम मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे आणि पुढचे डावे असा होतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, मॉरिशस आणि भारत येथे तो उलटा, म्हणजे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. एका देशातून दुसऱ्या देशात स्थलांतर केलेल्या वाचकाने जुन्या सवयीवर विसंबू नये. त्यातही एक अपवाद असतो. मूळ डाव्या चालनाच्या काही मोटारींची ब्रिटनसाठी उजव्या चालनाची आवृत्ती काढताना मास्टर सिलिंडर डावीकडेच ठेवलेला असतो. म्हणून स्टिअरिंग न पाहता मास्टर सिलिंडर पाहावा. काही कंपन्या कर्णरेषेतील जोड्यांचा किंवा पुढच्या चाकांपासूनचा क्रम सांगतात. पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तिचेच पालन करावे.

प्रत्यक्ष कृती

प्रथम इंजिन व प्रज्वलन बंद करून कुपीभोवतीचा भाग स्वच्छ पुसावा. झाकण उघडून सिरिंजने कुपीतील बहुतेक जुना द्रव काढावा. मात्र तळाची छिद्रे उघडी पडू देऊ नयेत आणि या अवस्थेत पेडलला स्पर्श करू नये. कुपी नव्या द्रवाने भरावी. जुना, मळका द्रव सर्व नळ्यांतून फिरवण्याऐवजी तो येथेच कमी केल्याने पुढचे काम सोपे होते.

त्यानंतर ब्लीडरची टाकी रिकामी ठेवून झाकण कुपीवर बसवावे आणि १० पीएसआयपर्यंत हवा भरावी. दोन-तीन मिनिटे दाबाचा काटा पाहावा. काटा खाली येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर झाकणाचा वॉशर पुन्हा नीट बसवावा. ही कोरडी चाचणी घाईत टाळली जाते. परंतु गळती हवेची असताना ती सुधारणे सोपे, द्रवाची झाल्यावर कठीण. चाचणी झाल्यावर टाकीचे झाकण सावकाश सैल करून दाब सोडावा, टाकीत नवा द्रव ओतावा आणि पुन्हा १० ते १५ पीएसआय दाब द्यावा.

आता पहिल्या चाकाशी जावे. निपलवरील रबरी टोपी काढून ते पुसावे, आधी रिंग पाना चढवावा आणि मग पारदर्शक नळी लावावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या नव्या द्रवात बुडालेले असावे. निपल पाव ते अर्धा फेरा उघडले की द्रव वाहू लागतो. आधी गडद, मग फिकट आणि अखेरीस नव्या द्रवाच्या रंगाचा, बुडबुडे नसलेला प्रवाह दिसला की निपल बंद करावे. ते बेताच्या बळाने, पुस्तिकेत दिलेल्या पिळाइतकेच आवळावे. टोपी परत लावावी. कॅलिपरला दोन निपल असतील तर दोन्हींतून द्रव काढावा.

प्रत्येक चाकानंतर दोन गोष्टी पाहाव्यात : टाकीत द्रव किती उरला आणि दाब किती उरला. दाब घटला तर पंप मारता येतो, पण टाकीतील द्रव संपला तर दाबाखालील हवा थेट कुपीत व तेथून यंत्रणेत शिरते. एकट्याने काम करणारा माणूस चाकाजवळ वाकलेला असतो आणि टाकी पलीकडे असते; नेमकी तेव्हाच ही चूक घडते. या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

हातगिअरच्या अनेक मोटारींत क्लचदेखील याच कुपीतील द्रवावर चालतो. तेथे क्लचच्या निपलमधूनही जुना द्रव काढावा, अन्यथा अर्धे काम शिल्लक राहते.

शेवटच्या चाकानंतर आधी टाकीचा दाब सोडावा आणि मगच कुपीवरील झाकण काढावे. कुपीत द्रव जास्त झाला असल्यास कमाल रेषेपर्यंत उतरवावा. इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबावे. ते उंच आणि कठीण लागले पाहिजे. मग इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन स्थिर होणे स्वाभाविक आहे. ते जोराने मिनिटभर दाबून धरावे आणि त्यानंतर चारही निपल कोरडे आहेत का, ते तपासावे. ब्लीडरच्या १ बार दाबाला न गळणारे निपल ब्रेकच्या कितीतरी मोठ्या दाबाला गळू शकते, म्हणून ही तपासणी अत्यावश्यक आहे. चाके योग्य पिळाने बसवल्यानंतर पहिली परीक्षा मोकळ्या जागी, पायी चालण्याच्या वेगाने घ्यावी.

एबीएस, हायब्रिड आणि विद्युत मोटारी

ब्रेक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम आणली. आज ती सर्वत्र आहे. तिच्या आतील काही कप्पे झडपा उघडल्याशिवाय धुतले जात नाहीत. नियमित काळाने द्रव बदलत असल्यास तेवढा अंश राहिला तरी चालतो, असेच सामान्यतः मानले जाते. मात्र त्या कप्प्यांत हवा शिरली असेल, तर संगणकीय उपकरण जोडून झडपा चालवाव्या लागतात. विद्युत पार्किंग ब्रेक असलेल्या मोटारीत काही वेळा तो देखभालीच्या अवस्थेत ठेवणे आवश्यक असते.

टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड मोटारींत ब्रेकचा दाब विद्युत पंप आणि दाबसाठा यांतून येतो. त्यांत साध्या रीतीने निपल उघडणे योग्य नाही. कंपनीचे निदान उपकरण व तिची कार्यपद्धती हवी. विद्युत मोटारींत मोटरच्या अटकावामुळे पॅड कमी झिजतात, पण द्रवाचे पाणी शोषणे थांबत नाही. पॅड नवे दिसतात म्हणून द्रवही नवा आहे, असा समज तेथे विशेष घातक ठरू शकतो.

काम झाल्यावर

काढलेला द्रव विषारी आहे. तो गटारात, मातीत किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नये. स्वतंत्र, नाव लिहिलेल्या बाटलीत भरून स्थानिक पालिकेच्या घातक कचरा केंद्रावर द्यावा. टाकीत उरलेला नवा द्रव दाबाखालील हवेच्या संपर्कात आलेला असतो. तो पुढच्या खेपेसाठी साठवू नये. ब्लीडर पाण्याने धुण्याऐवजी अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवावा, नाहीतर जे पाणी काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच पुढच्या वेळी टाकीतून आत जाईल. कुपीजवळ तारीख, किलोमीटर आणि द्रवाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी लावावी.

पेडल मऊच राहिले, चाकाशी ओल दिसली, धोक्याचा दिवा लागला किंवा एखादे निपल सुटलेच नाही, तर मोटार रस्त्यावर नेऊ नये. ती ओढून नेण्याचा किंवा कारागिराला घरी बोलावण्याचा खर्च अशा वेळी विनातक्रार करावा. ज्यांना हे काम स्वतः करायचे नाही, त्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. द्रव किती वर्षांपूर्वी बदलला, कोणत्या प्रकारचा भरला आणि चारही चाकांतून काढला की केवळ कुपीतला बदलला, हे तीन प्रश्न गॅरेजमध्ये विचारता येतात. यांतील तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक ग्राहकांचे लक्ष जात नाही. कुपीतला द्रव स्वच्छ दिसत असतानाही कॅलिपरमध्ये, जेथे उष्णता सर्वाधिक असते तेथे, जुनाच द्रव उरलेला असू शकतो.